मालकाचं उत्तर: "साधा आयपी बघायचे २,००० रुपये" या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार शेठ,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आपल्याला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे. आपलं, फर्मचं नाव किंवा आपला आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) मी इथं लिहिणार नाही, ते बरं दिसत नाही. आपण मात्र आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या नावाखाली लिहिलंय, "साधा आयपी नंबर बघायचे २,००० घेतले, तो मोबाईलवर फुकट दिसतो. हॅकरचं नाव-गाव सांगता आलं नाही, तीन दिवस लावले आणि वर माझ्याच पोराला ब्लॉक केलं." हे वाचून आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी पैशाचं. नंबर बघायचे पैसे आम्ही घेत नाही. नंबर कुणालाही दिसतो, आपण म्हणता ते खरं आहे. पण तो नंबर कुठल्या प्रकारचा, तो बंद केला तर कोण कोण अडकणार, हे ठरवायला वेळ जातो. हळदीचं उदाहरण देणार होतो, पण मार्केट यार्डात आपला जन्म गेला, आपल्याला मी काय सांगावं.

आपल्याकडचा जिन्याखालचा तो कॉम्प्युटर उघडला तेव्हा आतल्या पंख्यावर हळदीचा पिवळा थर होता. मिरजेत बसून अकाउंटंटला टॅली बघता यावं म्हणून कुणीतरी राऊटरमधून ३३८९ पोर्ट, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचा दरवाजा, थेट बाहेर उघडून ठेवला होता. कुणी, ते मी विचारलं नाही. विंडोजच्या नोंदींत ४६२५ नंबरची रीघ लागली होती. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टॅली, बॅकअप, यूजर१... दर दोन-चार सेकंदाला नवीन नाव, तेही रात्री अडीचला. असं माणूस टाइप करत नाही, मशीन करतं. आपण शेजारी उभे राहून म्हणालात, "दिसेल तो नंबर बंद करून टाका." ते मी लगेच केलं नाही, तिथंच आपण रागावलात असं मला वाटतं.

लगेच बंद केलं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. त्या यादीत १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता सारखा येत होता. आपण त्यावर बोट ठेवलंत, "हाच बघा." शेठ, १९२.१६८ चे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते इंटरनेटच्या १९९६ च्या नियमानं घरातल्या आणि ऑफिसातल्या जाळ्यासाठी राखून ठेवलेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. तो पत्ता निघाला आपल्या काउंटरवरच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरचा. पासवर्ड बदलल्यावर तो जुनाच पासवर्ड घेऊन आत यायला बघत होता. तो बंद केला असता तर सकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या निघाल्या नसत्या, आणि मग एक स्टारसुद्धा मिळाला नसता.

दुसरा पत्ता आपण मोबाईलवरच्या फुकट साइटवर टाकलात. तिथं मुंबई आली. आपण लगेच मुंबईतल्या ओळखीच्या पोलिसाला फोन लावायला निघालात. मीच हात धरून थांबवलं, आठवत असेल. तो होता आपला अकाउंटंट, मिरजेत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलेला. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिकच्या वाटपाचं काम बघणाऱ्या एपनिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. म्हणून मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात. तो पत्ता कंपनीच्या मोठ्या शहरातल्या यंत्रावर दिसतो, माणूस कुठंही असो. या साइटी जागेचा अंदाज बांधतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका शेतावरच्या घराला यापायी किती त्रास झाला ते २०१६ मध्ये बाहेर आलं. ज्या पत्त्यांचा फक्त देशच माहीत होता, ते सगळे एका कंपनीच्या डेटाबेसनं देशाच्या मध्याजवळ टाकले होते आणि तो ठिपका नेमका त्या घरावर पडत होता. पोलीस त्यांच्या दारात. तुमच्या अकाउंटंटचं तसं होऊ नये म्हणून मी थांबवलं, आणि रिव्ह्यूत मात्र "यांना लोकेशनसुद्धा काढता येत नाही" असं आलंय.

उरलेले पत्ते खरे त्रासाचे. ते कुणाच्या घरातले नव्हते, भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या परदेशी कंपन्यांचे होते. स्पॅमहाउस, अब्यूजआयपीडीबी असल्या त्रासदायक पत्त्यांच्या याद्यांत त्यातल्या बऱ्याच पत्त्यांच्या तक्रारी आधीपासून होत्या. एक बंद केला की शेजारचा येतो, म्हणून ओळीनं पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे तपासावे लागतात. रात्रीची नोंद बघितल्याशिवाय कोण रोजचा आणि कोण उपटसुंभ ते कळत नाही. वेळ त्यात गेला. बिलात "आयपी तपासणी" एवढी एकच ओळ आहे, पण त्याच २,००० मध्ये ३३८९ बंद करणं आणि राऊटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट, बसवून अकाउंटंटला व चिरंजीवांना जोडून देणंही आलं. हे रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही.

आता चिरंजीवांचं. आपणच फोनवर सांगितलंत, "भारताबाहेरचं सगळं बंद करा, आपलं कोण नाही तिकडं." तसं केलं. पुण्यात त्यांच्या मोबाईलवर एक फुकटातलं व्हीपीएन ॲप चालू होतं, त्यामुळे आपल्या राऊटरला ते सिंगापूरहून आल्यासारखे दिसत होते. ॲप बंद केल्याबरोबर चालू झालं, तेही फोनवरच, पैसे न घेता. मुलगा हुशार आहे, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण "माझ्याच पोराला ब्लॉक केलं" एवढंच वाचणाऱ्याला काय वाटेल?

आणि नाव-गाव. आयपीच्या नोंदीत तो पट्टा कुठल्या कंपनीला दिलाय ते मिळतं. भारतात हे वाटप इरिन ही संस्था बघते. त्या कंपनीनं त्या सेकंदाला तो पत्ता कुणाला दिला होता हे फक्त कंपनीला ठाऊक असतं आणि ती ते पोलिसांना सांगते, माझ्यासारख्या विश्रामबागेतल्या दुकानदाराला नाही. पोलिसांनाही तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर द्यावा लागतो, नाहीतर एका पत्त्यामागच्या गर्दीत माणूस सापडत नाही. जो तुम्हाला नुसत्या आयपीवरून नाव-गाव काढून देतो म्हणेल, त्याला दोन रुपयेसुद्धा देऊ नका. हे मी धंद्याचं नुकसान करून सांगतोय.

पुढच्या वेळी बिलावर कामं वेगवेगळी लिहू, दुकानात दरपत्रकही लावायचं चाललंय. आणखी काही सुधारणा करता येतील त्या करू.

एक राहिलंच. काल आपला माणूस "३३८९ परत उघडा, व्हीपीएनला वेळ लागतो" असा निरोप ठेवून गेला. तो निरोप आपल्या सहीनं लेखी पाठवा, तोवर पोर्ट बंदच राहील. नोंदींची फाईल पेनड्राइव्हवर काढून ठेवलीय. सायबर पोलिसांत तक्रार करायची तर ती लागेल, म्हणून तोपर्यंत कॉम्प्युटर फॉरमॅट करू देऊ नका. पेनड्राइव्ह आमच्या काउंटरवरच्या पोराकडे आहे, त्याचे पैसे नाहीत.