‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदी म्हणालीच नाही

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसून “आंधळ्याचा मुलगा आंधळाच” म्हणाली, त्या अपमानापायी वस्त्रहरण झालं आणि त्यातून युद्ध; म्हणून बाईने जीभ आवरावी. हा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरतो. तो महाभारताच्या संहितेशी ताडून पाहिला की टिकत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या, अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग सभापर्वाच्या ४३व्या अध्यायात आहे. दुर्योधन आधी स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रं सावरतो, मग खऱ्या पाण्याला जमीन समजून अंगावरच्या कपड्यांनिशी आत पडतो. हसतात ते नोकर आणि मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रं मिळतात. द्रौपदी तिथे नाहीच.

ती येते ४६व्या अध्यायात, दुर्योधन बापाला हकीकत सांगतो तेव्हा. कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला, द्रौपदीही बायकांसह हसली, अशी त्याची तक्रार. पण कृष्ण तर आदल्या ४२व्या अध्यायातच द्वारकेला गेलेला! द्यूताला परवानगी काढायला आलेल्या माणसाची ही साक्ष आहे, निवेदकाचं कथन नव्हे. ती खरी धरली तरी त्यात द्रौपदीचं हसू आहे, वाक्य नाही. काही पोथ्यांत “धृतराष्ट्रपुत्रा” अशी हसत मारलेली हाक आहे, तीही भीमाची. ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी घरोघरी पोचवलं १९८८ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेने.

“पण अपमान तर झालाच ना?” झाला. तरी पुढचे ४७ आणि ४८ हे दोन अध्याय वाचा. दुर्योधन तिथे युधिष्ठिराकडे आलेल्या नजराण्यांची यादीच सांगतो: कांबोजांची कातडी वस्त्रं, घोडे, मुंग्यांनी उकरलेलं सोनं. हसण्याला मोजके श्लोक, संपत्तीला दोन अध्याय. पोटदुखी कशाची, हे त्याच्याच तोंडून कळतं.

शिवाय भीमावर विषप्रयोग आणि वारणावतातलं लाक्षागृह, दोन्ही द्रौपदीच्या स्वयंवराआधीचे. वैर तिने आणलं नाही.

आणि चार भाऊ हसले म्हणून युद्ध झालं, असं कुणी कधी म्हणत नाही. दोष ठरतो तो एकटीचा.

जीभ आवरण्याचं म्हणाल, तर तिने सभेत जीभ चालवली म्हणूनच पांडव सुटले. स्वतःला हरलेला नवरा मला पणाला कसा लावतो, या तिच्या प्रश्नाला भीष्मांनाही सरळ उत्तर देता आलं नाही. धृतराष्ट्राने वर देऊ केले तेव्हा पहिल्याने तिने युधिष्ठिर सोडवला, दुसऱ्याने उरलेले चौघे रथ-शस्त्रांसह. तिसरा वर तिने नाकारला. क्षत्रिय स्त्रीला दोनच, असं सांगून.

त्यानंतर पुन्हा द्यूत मांडायला लावलं ते दुर्योधनाने. त्या डावात द्रौपदी पणाला नव्हती; पण होता बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास. तो भोगून पांडव आले, कृष्ण शिष्टाईला गेला, तेव्हा सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनही देणार नाही असं बजावणारा दुर्योधनच होता.