जपांडी म्हणजे खंयचे?

फोंड्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि चौथ्या दिवशी इंटिरियर करणाऱ्या मुलीने मला विचारलं, "सर, तुमची पर्सनल स्टाइल काय?"

मी शर्टाकडे पाहिलं.

"घराची, सर."

पन्नाशी उलटली तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गावच्या घरी चिऱ्याच्या भिंती होत्या, वर मंगळुरी कौलं, खाली तांबडी गुळगुळीत जमीन आणि बाहेर सोपो. सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, एवढीच आजोबांची सजावट. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हा गिऱ्हाइकाला कुणी 'तुमचा मूड काय' असं विचारलं नसणार. पाणी गळतंय का, एवढंच विचारलं असेल.

मुलीने फोनवर एक चाचणी पाठवली. 'सुट्टीची सकाळ तुम्हाला कुठे घालवायला आवडेल?' पर्याय होते पाइनचं जंगल, वाळवंट आणि न्यूयॉर्कमधलं कॉफीचं दुकान. मासळी बाजार नव्हता. नाइलाजाने जंगलावर बोट टेकवलं. असे बारा प्रश्न झाल्यावर निकाल लागला: मी 'जपांडी' निघालो. अर्धा जपानी, अर्धा स्कॅन्डिनेव्हियन. फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती, सामान जेमतेम. रिकामी जागा श्वास घेते म्हणे.

मी घरात जाहीर केलं, "आपण जपांडी आहोत."

आईने वातीवरून नजर काढली नाही. "जपांडी? खंयचे ते?"

बायकोचं भलतंच निघालं. तिला फोंतेन्यश, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीसारखं घर हवं होतं: पिवळी भिंत, निळी खिडकी आणि नावाच्या पाटीला निळ्या-पांढऱ्या टाइल्स. मला पटवायला ती पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत घेऊन गेली. तिथे प्रवेशद्वाराशीच १९३५ सालची अझुलेजची, म्हणजे रंगवलेल्या टाइल्सची, चित्रं आहेत, भिंतभर, निळी, खरोखर बघत राहावीत अशी. मीही बघत राहिलो. फक्त आमच्या हॉलची भिंत दहा फूट बाय नऊ फूट, त्यातही मधोमध स्विचबोर्ड. त्यावर त्या चित्रांतली गलबतं कुठून नेणार?

शेवटी मुलीने कॉम्प्युटरवर आमच्या हॉलचं चित्र काढून आणलं. चित्रात आमच्या सोफ्यावर एक सडपातळ गोरा माणूस पुस्तक वाचत होता. टीव्ही नव्हता. टीपॉयवर एका वाडग्यात तीन लिंबं. आमच्याकडे तीन लिंबं अशी उघड्यावर ठेवली, तर दुपारपर्यंत त्यांचं सरबत होतं. पण चित्र सुंदर होतं, आणि तो माणूस आपणच असावं असं मला क्षणभर वाटून गेलं.

आईने चष्मा लावला, चित्र निरखलं आणि बोट थेट छतावर ठेवलं. "तूं माटोळी खंय बांदतलो?"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं-परसातलं जे जे पिकतं ते बांधतात: नारळ, सुपारीचे कातरे, केळी, चिबूड, तोरंजन, आंबाडे, लालभडक कवंडळं. चित्रातलं छत मात्र पीओपीचं होतं, बोटाएवढ्या जाडीचं. मुलगी म्हणाली, "हलकी आर्टिफिशियल फळं लावू, सर."

आई काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा सुताराला बोलवावं लागतं.

मेस्त आला. त्याने टेप काढलीच नाही. छतावर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पात्रांव, ह्या पुठ्ठ्याक हूक मारल्यार सगळें गणपतीचेर येतलें." मग पीओपी भेदून थेट स्लॅबमध्ये अंगठ्याएवढ्या जाड सळीचे चार काळे हूक बसले. श्वास घेणाऱ्या शुभ्र छतातून लोंबणारे ते हूक पाहून मुलीची पापणीसुद्धा लवली नाही. "इंडस्ट्रियल टच," ती म्हणाली.

पुढची सजावट पावसाने केली. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जुलैत पडतो. त्या महिन्यात आमच्या फिकट लाकडाला मागून बुरशीची लव आली. वेताच्या लॅम्पशेडला मिशी फुटली. माझे कातडी बूट हिरवे झाले. पांढऱ्या भिंतीवर ओलीचा डाग पसरत पसरत सत्तरी तालुक्याच्या आकाराचा झाला. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, "वाबी-साबी, सर! अपूर्णतेतलं सौंदर्य." वाबी-साबीचा जन्म जपानात झाला असेल, आमच्या डागाचा वरच्या मजल्याच्या संडासात झाला होता.

दरम्यान गावाहून समया आल्या. शिसवी कपाट आलं. ते लिफ्टमध्ये मावेना म्हणून चौघांनी जिन्याने चढवलं, आणि तिसऱ्या मजल्यावर दमून तिथेच ठेवायची भाषा केली. घड्याळं आली, तीन, तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवणारी. रिकाम्या जागेचा श्वास कधी थांबला, कळलंच नाही.

चवथीला मुलीला जेवायला बोलावलं होतं. दारातच ती थबकली. माटोळी भरगच्च लटकत होती, पिकल्या चिबडाचा वास घरभर सुटला होता, हूक हलले नव्हते. तिने चारही बाजूंनी फोटो काढले, एक तर जमिनीवर उताणी पडून.

"काकी, हा पीस कुठून सोर्स केला?"

आईला 'पीस' कळलं नाही, रोख कळला. तिने वर पाहिलं, अंदाज घेतला आणि मुलीच्या ताटात आणखी एक नेवरी वाढली. "दीड दिवसानं सोडतात. मग तो चिबूड तू घेऊन जा. उशीर करू नकोस, नाहीतर खाली पडेल."