दडे

रविवारी डोक्यावरून अंघोळ, मग टॉवेलचं टोक पिळून कानात, आणि उजव्या कानाला दडे. ही सुरुवात जवळजवळ ठरलेली. मळ महिनोन् महिने साठत असतो, पण ऐकू येणं बंद होतं ते एका तांब्यात. मळ आणि नळीची भिंत यांच्यात केसाएवढी फट असली तरी आवाज तिच्यातून पडद्यापर्यंत सुखाने जातो. त्या फटीत पाणी शिरलं, मळ भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगला, की दार बंद. त्यामुळे “काल रात्रीपर्यंत छान ऐकू येत होतं” ही पेशंटची तक्रार अगदी खरी असते. तो पाण्याला दोष देतो, एवढंच चुकतं.

साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. गच्च बसलेला बूच त्यातले तीसेक, कधी चाळीस खातो. उरते ती कुजबुज. इथवर सहन होईल, पण खरी गंमत उलट्या बाजूने असते. आपलाच आवाज कवटीच्या हाडांतून नळीत येतो आणि एरवी बाहेर निघून जातो. आता तो आत कोंडतो. पापड मोडला की डोक्यात खडी फोडल्यासारखं वाटतं. स्वतःचं बोलणं इतकं घुमतं की माणूस आपोआप आवाज उतरवतो. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तोच पुटपुटतो, आणि ज्यांचे कान धड आहेत ते “काय? काय म्हणालात?” करत हिंडतात. यावरून घरात होणारी भांडणं मी मळाच्याच खात्यावर मांडतो.

दडे मळाचेच आहेत का, याचा अंदाज फुकटात घेता येतो. ओठ मिटून ‘हूं’ असा लांब हुंकार द्या. तो बंद कानात जोरात घुमला तर वाटेत अडथळा आहे: मळ, पाणी, असंच काहीतरी. डॉक्टर हेच 512 हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकाच सुरात गुणगुणणारा दुपाती काटा) कपाळावर टेकवून करतात. हुंकार चांगल्या कानाकडे पळाला तर मात्र संशय नसेवर जातो. अचानक आलेला असा बहिरेपणा थांबून बघण्यातला नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

पण डॉक्टरांआधी शस्त्रागार उघडतं. डोक्यातला आकडा, स्कूटरची किल्ली, गुल मोडलेली आगकाडी, पेनाचं टोपण आणि खास याच कामासाठी राखलेलं करंगळीचं नख. या सगळ्यांत सभ्य दिसते ती कापसाची काडी, आणि माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावरच आहे. 1923 साली अमेरिकेत लिओ गर्स्टेनझांग यांनी ती बाजारात आणली. आज तिच्या खोक्यावर ‘कानाच्या नळीत घालू नका’ असं छापलेलं असतं, आणि लोक खोकं फोडून नेमकं तेच करतात.

मोठ्या माणसाची कानाची नळी असते जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो फक्त तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात, जिथे केस आणि ग्रंथी असतात. आतली कातडी पडद्यापासून बाहेर सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या वेगाने, आणि मृत कातडी, धूळ, मळ सगळं दारापर्यंत आणून सोडते. चिकट, किंचित आंबट असा हा मळ बुरशीला आणि जंतूंना अडवतो. असा मुकादम फुकट राबत असताना आपण आत काडी घालतो. ठासणीच्या बंदुकीत गज घालून दारू ठासावी, तसा मळ पडद्याकडे ठासला जातो. कापसाला पिवळं लागलं की आपण खूश. पण ते तसंही बाहेरच येत होतं. पडद्यावर दगडासारखा खडा सापडला, तर तो बहुतेक वेळा तिथे कुणीतरी पोचवलेला असतो.

दुसरा घरगुती हल्ला तेलाचा. लसूण घालून कडकडीत तापवलेलं तेल कानाची नळी भाजतं. कोकणात पावसाळ्यात दमट कानात रोज तेल सोडणं म्हणजे बुरशीला पाट मांडून बसवणं. ती बुरशी ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते, वर शाईचे काळे ठिपके पडावेत तशी, आणि खाज अशी सुटते की माणूस पुन्हा काडी शोधतो.

मळ मऊ करायचे थेंब मात्र कामाचे. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर झोपून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते. चार-पाच थेंब टाकून पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. असं दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत ऐकू येणं आणखी कमी होतं, कारण खडा फुगतो. नेमकं तेव्हाच लोक ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून थांबतात. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर स्वतःहून एक थेंबही नको. मधुमेह असेल तर नखाचा ओरखडासुद्धा महागात पडतो.

मग पिचकारी. पाणी अंगाच्या उष्णतेचं हवं, म्हणजे 37 अंश. गार किंवा गरम पाण्याने खोली फिरायला लागते, डोळे नाचायला लागतात. याच निरीक्षणावरून रॉबर्ट बारानी यांनी तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचं काम उलगडलं आणि 1914 चं नोबेल मिळवलं. पेशंटला मिळते ती फक्त चक्कर. धार सरळ मारायची नसते. ती नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारली की पाणी खड्याच्या मागे शिरतं आणि त्याला बाहेर ढकलतं. मध्येच कोरडा खोकला येतो. घसा बिघडलेला नसतो. घशाकडे जाणाऱ्या नसेची एक फांदी कानाच्या नळीत आलेली असते, तिला धक्का लागतो.

पेशंटने स्वतःच्या हाताने ट्रे कानाखाली धरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या पिचकारीला त्यात ‘टप्’ होतं. खारकेच्या रंगाचा, नळीच्या साच्यातून काढल्यासारखा खडा. किळस यायला हवी, पण माणूस खिशातून मोबाइल काढतो आणि फोटो घेतो, घरच्या ग्रुपवर टाकायला. मग मान वर करून, जरा दचकूनच, विचारतो, “डॉक्टर, हा पंखा आत्ता बिघडला का हो?”