आधी हिरड्या पाहा
कुत्रा एक दिवस जेवला नाही तर थांबून पाहा, असं कुत्र्यांच्या आजारांवरच्या एका लेखात म्हटलंय. गोव्याच्या पावसाळ्यात मी तरी थांबणार नाही. डिचोलीला आमच्या मोतीनं पेज सोडली, पावसाची सुस्ती समजून आम्ही दोन दिवस घालवले. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल ठिपके. गोचीडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार! रक्तातल्या प्लेटलेट्स खूप घसरल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकनं वाचला बिचारा. कुत्र्याचं अंग एरवीही १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, ती त्यांच्या यकृताला घातक ठरते. नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.