ऑनलाइन खेळायचंय? पैसे काढ, भावा

कन्सोल घेतलास, अभिनंदन. अर्ध्या लाखाच्या वरचं ते धूड राजारामपुरीतल्या हॉलमध्ये विराजमान झालं, चार-पाच हजारांचा फुटबॉलचा गेम आला, वायफायचं बिल घरचे भरतातच. आता दोस्ताबरोबर मॅच लावायला गेलास तर स्क्रीन म्हणते, आधी पीएस प्लस, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशनची वर्गणी, घे. आठ्या घालू नकोस. शहाण्या माणसानं अशा वेळी मुकाट्यानं कार्डाचा नंबर टाकावा.

शाहूपुरीतला तुझा दोस्त हाच गेम कॉम्प्युटरवर खेळतो. क्रॉसप्लेमुळं दोघं एकाच मॅचमध्ये, सर्व्हर ईएचा, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीचा. तो ऑनलाइन खेळायचा रुपयाही देत नाही, तू सोनीला वर्गणी भरतोस, आणि वर तोच तुला चार गोल घालतो. यात अन्याय शोधायचा नाही. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीमनं उद्या पैसे मागितले तर तो दुसरीकडं जाईल. तू कुठं जाणार? ज्याला दुसरीकडं जाता येत नाही, त्याच्याकडून घ्यायचे नाहीत तर कुणाकडून घ्यायचे?

कुणी खोदून विचारलंच तर ‘सर्व्हरचा खर्च असतो’ असं सांग. फक्त फोर्टनाइटचा विषय निघू देऊ नकोस. फुकटच्या गेमला हा पास लागत नाही. म्हणजे ज्यानं गेमसाठी दमडी मोजली नाही त्याला दार सताड उघडं, आणि रोख पैसे मोजून गेम आणणाऱ्याकडून वसुली. गिऱ्हाईकाचा असा मान लक्ष्मीपुरीतल्या कुठल्या व्यापाऱ्याला अजून सुचलेला नाही.

जुनी पोरं सांगतील, पीएस थ्रीवर, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनवर, ऑनलाइन फुकट होतं. होतं. पण मायक्रोसॉफ्ट आपल्या एक्सबॉक्स कन्सोलवर 2002 पासून पैसे घेत होती आणि लोक देत होते, हे बघून सोनीनं किती वर्षं हात बांधून बसायचं? 2013 च्या नोव्हेंबरात पीएस फोर आला आणि ऑनलाइनला वर्गणी लावायची सोय झाली. 2018 मध्ये निन्टेन्डो ही तिसरी कन्सोल कंपनीही शहाणी झाली. दर महिन्याला गेम मिळतात म्हणतोस? मिळतात की. वर्गणी थांबव, म्हणजे त्यांना कुलूप कसं लागतं ते कळेल. फेब्रुवारी 2025 मध्ये प्लेस्टेशनचं नेटवर्क जवळपास दिवसभर झोपलं, तेव्हा कंपनीनं वर्गणीदारांना पाच दिवस वाढवून दिले. इतका मोठेपणा आणखी कुठं बघायला मिळणार?

एक मात्र सांभाळ. पैसे भरताना आपण कोल्हापूरचे आहोत हे विसर. पीएस फोर यायच्या महिनाभर आधी या गावात शहरातल्याच रस्त्यांवर टोल सुरू झाला होता. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, नाके पेटले, आणि 2015 संपता संपता सरकारला टोल गुंडाळावा लागला. आपल्याच गावातनं जायला पैसे का, एवढाच लोकांचा प्रश्न होता. कंट्रोलर हातात असताना असले प्रश्न डोक्यात आले तर नेम चुकतो.

बाहेरही वाईट संगत आहे. जानेवारी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्ह गोल्डची, म्हणजे तिच्या ऑनलाइन वर्गणीची, दरवाढ जाहीर केली. लोकांनी असा दंगा केला की दिवस मावळायच्या आत कंपनीनं ती मागं घेतली, आणि फुकटच्या गेमवरची गोल्डची सक्तीही काढायचं कबूल केलं. असला आततायीपणा आपल्याला शोभत नाही. ऑटो-रिन्यू चालू आहे ना, तेवढं बघ आणि झोप.