प्रशिक्षणाच्या यादीत ग्रंथपालाचं नाव का नसतं?

प्रशिक्षणांचा हंगाम आला की खान्देशातल्या आमच्या तालुक्याच्या शिक्षक ग्रुपवर पत्रं पडायला लागतात. 'स्मार्ट बोर्ड हाताळणी', 'वर्गात एआयचा वापर', 'डिजिटल साहित्यनिर्मिती'. खाली ठळक अक्षरात सूचना: मोबाइल चार्ज करून आणावा, उपस्थिती लिंकवर भरावी. मी या प्रशिक्षणांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर संध्याकाळपर्यंत माझ्या नावानं खडे फोडले जातील. वर्गात पडदा आला, इंटरनेट आलं, ते चांगलंच झालं. पण या प्रशिक्षणांत वेळ भलत्याच गोष्टीवर जातो, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी बोलवायला पाहिजे त्याचं नाव यादीतच नसतं. तो माणूस म्हणजे शाळेचा ग्रंथपाल.

वेळ कशात जातो? बटणांत. बोर्ड चालू कसा करायचा, पेनचा रंग कसा बदलायचा, मोबाइल बोर्डला कसा जोडायचा. अर्धा दिवस यात जातो, उरलेल्या अर्ध्यात जेवण, फोटो आणि अभिप्रायाची लिंक. अहो, हे आमच्या आठवीच्या पोरांना येतं. बोर्डाचा आवाज गेला की मागच्या बाकावरचा एखादा उठतो, वायर काढून परत खोचतो, "सर, व्हयनं चालू" म्हणतो आणि जागेवर जाऊन बसतो. त्याला कोणी प्रमाणपत्र दिलेलं नाही.

खरी अडचण बोर्ड चालू झाल्यावर सुरू होते. दाखवायचं काय?

साधा तापी नदीचा पाठ घ्या. आपल्या अंगणातली नदी. मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम, 724 किलोमीटरचा प्रवास, वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या नद्यांना पोटात घेऊन सुरतेच्या पुढे खंभातच्या आखातात. पश्चिमेकडे वाहणारी एवढी मोठी नदी दारात असताना पोरांना शिकवायला मजा यायला पाहिजे. नेटवर शोधलं की काय येतं? ढणढण संगीत लावलेले ड्रोनचे व्हिडिओ, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या घाईघाईच्या क्लिपा, पुराच्या बातम्या. यातलं सातवीच्या वर्गाला कोणतं चालेल, नकाशा बरोबर आहे का, सांगणारा कोण आहे, हे ठरवायचं कसं, हे आजवर कुठल्याही प्रशिक्षणात मी ऐकलेलं नाही. आता एआय आलंय. त्याला सराव प्रश्न काढायला सांगा, सुबक काढून देतं. उत्तर चुकलं तरी तितक्याच ठामपणे चुकतं.

शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफची तर तऱ्हाच वेगळी. 'महाराष्ट्रातील 35 जिल्हे' असा तक्ता अजून फिरतो. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला झाला, जिल्हे 36 झाले. धुळ्यातून नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा झाला हे तरी आपल्याला पाठ असायला हवं, ते तर घरातलंच वाटप आहे. तक्ता कधी केला, कोणी केला, पीडीएफवर काही नसतं. असतो फक्त गुलाबाचा फोटो आणि 'संकलन' असा शब्द. बहिणाबाई चौधरींच्या नावावर खपणाऱ्या ओळींचंही तेच. त्यांनी त्या लिहिल्या का, हे कोणी संग्रह उघडून बघत नाही. वर त्यांची भाषा अहिराणी असं बिनधास्त ठोकून देतात. त्यांच्या माहेरच्या, असोद्याच्या माणसाला विचारा, तो लेवा गणबोली म्हणेल आणि मग तासभर सोडणार नाही.

आता सांगा, पुस्तक हातात घेतल्यावर आधी पान उलटून आवृत्ती आणि साल बघण्याची सवय शाळेत कोणाला असते? लेखक कोण, प्रकाशक कोण, हे कोणत्या वयाच्या मुलाला द्यावं, याचा विचार रोजच्या कामात कोण करतं? ग्रंथपालच. वर्गातल्या तंत्रज्ञानाचा आजचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे निवड, आणि निवड हा त्यांचा धंदा आहे. तरी तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाला गणितवाले जातात, विज्ञानवाले जातात, कधी कधी नुसतेच सेवेत कनिष्ठ म्हणून कोणीतरी जातं. ग्रंथपाल मागे राहून पुस्तकपेढीची पुस्तकं वाटतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो, एसटीच्या पासवर शिक्के मारतो. आमच्या भागात बहुतेक हायस्कुलांत हे पद अर्धवेळ. काम मात्र पूर्णवेळ, हे वेगळं सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही, कपाटाची किल्ली ज्या शिक्षकाकडे तोच ग्रंथपाल. ज्या खान्देशात, धुळ्याला, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गेल्यावर त्यांच्या नावानं मंडळ उभं करून लोकांनी जुनी दप्तरं जपली, तिथे शाळेतल्या पुस्तकाच्या माणसाची ही किंमत.

"ग्रंथपालांना तरी कुठे संगणक येतो?" असा प्रश्न येणार, मला माहीत आहे. काहींना येत नाही. पण ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला पुस्तकांची संगणकीकृत तालिका करायला शिकवतात. त्यासाठी एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं आणि 2000 सालापासून जगभर फुकट वापरलं जाणारं कोहा आहे. शिकून आलेला माणूस शाळेत येतो तेव्हा शाळेतला एकमेव धड संगणक कार्यालयात सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरायच्या कामाला जुंपलेला असतो. त्याला हात लावायचा नाही.

आणि जिथे लावू दिला, तिथे एक जुनी कटकट निघते, ती फॉन्टची. कोणीतरी कधीकाळी मेहनतीनं पुस्तकांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन कळांची अक्षरं. त्या यादीत 'तापी' शोधा, सापडणार नाही. यंत्राच्या लेखी तिथे 'तापी' नाहीच. यादी यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणली तरच शोध लागतो. प्रश्नपत्रिकेचंही हेच दुखणं: घरी टाइप केलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. यूनिकोड, मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक, जुन्या फायली बदलणं आणि बोलून टाइप करणं यावर कोणी अर्धा दिवस दिला तर आमचे शिक्षक त्याचे पाय धरतील. एआयवरच्या भाषणापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. द्यावेत की. पण दीक्षा या सरकारी पोर्टलवर 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स आले तेव्हा काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. व्हिडिओ घरात लावून ठेवायचा आणि तोवर कपाशीत चक्कर मारून यायची. शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर तयार. प्रत्यक्ष प्रशिक्षणाची गतही फार वेगळी नाही. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. गिरणेच्या पाटाचं पाणी जसं शेवटच्या शेतापर्यंत पोहोचता पोहोचता ओल तेवढी उरते, तसं. वर ज्यांनी शिकवलं त्यांना विषय येत होता, खाली येईपर्यंत फक्त पीपीटी उरली.

प्रशिक्षण वर्गात उतरतं कधी, यावर अमेरिकेत जॉइस आणि शॉवर्स या संशोधकांनी 1980 च्या दशकातच काम केलंय. नुसतं सांगून किंवा करून दाखवून शिक्षकाच्या वर्गात फारसं काही बदलत नाही. नंतर सोबत बसून सराव करून घेणारं कोणी असेल तर बदलतं. आपल्याकडे नेमकं हे 'नंतर' कुठल्याच वेळापत्रकात नाही. प्रशिक्षण संपलं की ग्रुप म्यूट.

ग्रंथपाल उपयोगी पडतो तो इथे, कारण तो कुठे जात नाही. शाळेतच असतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास त्याला द्या. शिक्षकानं पुढच्या आठवड्यातला एक पाठ घेऊन यायचं, दोघांनी मिळून त्यासाठी एक-दोन गोष्टी शोधायच्या: व्हिडिओ, नकाशा, जुना फोटो, काहीही. कुठून घेतलं, कोणी केलं, कोणत्या साली, हे लिहायचं. पुस्तकाला जसा दाखल क्रमांक देतो, तसा त्यालाही द्यायचा. मग ते पेन ड्राइव्हवर. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर अजून रेंज नाही, तिथला शिक्षक तो पेन ड्राइव्हच घेऊन जाऊ शकतो, लिंकचा त्याला काय उपयोग? आणखी एक. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं प्रत काढायला सूट आहे. तेच उचलून स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकणं ही वेगळी गोष्ट. आमचे कितीतरी उत्साही मित्र यात बिनघोर आहेत. त्यांना हे समजावून सांगायलाही ग्रंथपालच बरा, तो निदान भांडणार नाही.

फक्त हे काम त्याच्या अंगावर फुकट टाकू नका. अर्धवेळ पगारावर माणूस आधीच तीन जणांची कामं ओढतोय. प्रशिक्षणाच्या दिवशी सुलभकाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, जे मानधन मिळतं तेवढंच त्याला द्या, एसटीचं भाडं द्या, आणि आदेशात त्याचं पद नीट लिहा. 'व इतर कर्मचारी' मध्ये ढकलू नका.