मुलांचा विमा अडवण्याची सभ्य रीत

समजा, तुम्ही अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलात आणि पहिल्याच आठवड्यात विधेयक समोर आलं: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आणखी मुलांना सरकारी आरोग्य विमा. घाबरू नका. मुलांच्या विरोधात बोलायची वेळ तुमच्यावर येणारच नाही. 'मुलं म्हणजे देशाचं भविष्य' अशी सुरुवात करा आणि लगेच तत्त्वावर घसरा. पैशांवर बोललात की लोक हिशेब मागतात; तत्त्वाचा हिशेब कुणी मागत नाही.

कित्ता गिरवायला २००७ साल उत्तम. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळण्याइतकी गरीब नाहीत आणि खासगी विमा परवडण्याइतकी सधनही नाहीत, अशा घरांतल्या मुलांसाठी १९९७ पासून एक योजना चालू होती. ती पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलर घालून वाढवायची, आणि पैसे सिगारेटच्या पाकिटावर ६१ सेंट जादा कर लावून काढायचे, असा बेत होता. दोन्ही पक्षांतून मतं पडली. अध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला प्रतिनिधिगृहात २७३ विरुद्ध १५६ मतं पडली, दोन तृतीयांशाला तेरा कमी. डिसेंबरात सुधारित विधेयक आलं, त्यालाही तेच उत्तर. कारण? आरोग्यसेवेचं सरकारीकरण होईल म्हणून.

त्याच जुलैत क्लीव्हलँडला ते म्हणाले होते की उपचार सगळ्यांनाच मिळतात, इमर्जन्सी रूममध्ये गेलं की झालं. हा मुद्दा जपून ठेवा, सोन्यासारखा आहे. शिवाय अर्धा खराही आहे: १९८६ च्या कायद्यामुळे तिथून रुग्णाला न तपासता हाकलता येत नाही. दम्याने धापा टाकणाऱ्या पोराला नेब्युलायझर लावतात, छातीतली घरघर कमी झाली की घरी सोडतात. पुढच्या महिन्याचा इनहेलर? ती इमर्जन्सी नाही. आधीचा संपून पोर पुन्हा निळं पडू लागलं की होईल. बिल तेवढं दोन्ही वेळा घरी येतं.

याहून नाजूक काम करायचं असेल तर त्या वर्षीचं ऑगस्टचं सरकारी पत्रक मिळवून वाचा. दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीहून जास्त उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना राज्यांनी योजनेत घ्यायचं, तर ते मूल आधी वर्षभर बिनविम्याचं असलं पाहिजे! त्या वर्षात आजारी पडू नये, अशी सूचना मात्र त्यात राहून गेली. तुम्ही विसरू नका.

एवढं करूनही विधेयक पास होऊ शकतं. २००९ मध्ये ओबामांनी सही केलीच. तरी हातपाय गाळू नका, कारण खरी करामत कायद्यात नसून विम्याच्या नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये आहे. २००७ च्याच फेब्रुवारीत मेरीलंडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. दाढेतला संसर्ग मेंदूत गेला होता. दाढ ८० डॉलरमध्ये निघाली असती, असं तेव्हा छापून आलं. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. घरचं मेडिकेड मध्येच बंद पडलं होतं. नूतनीकरणाचे कागद घरच्यांनी आधीच सोडलेल्या बेघरांच्या निवाऱ्याच्या पत्त्यावर गेले असावेत, असा आईचा अंदाज होता. कुणी हे तुमच्या तोंडावर मारलंच, तर 'दुःखाचं राजकारण नको' म्हणा आणि पाण्याचा घोट घ्या.

पद्धत जुनी, पण अजून चालते. कोविडकाळात मेडिकेडमधून नावं काढायला बंदी होती; ती उठल्यावर २०२३ पासून जी नावं गळली, त्यांतली बहुसंख्य अपात्र ठरून नव्हे, तर कागद पुरे न झाल्याने गळली. म्हणजे ठराव नाही, मतदान नाही, वर्तमानपत्रात तुमचा फोटोही नाही.

एक अडचण आहे खरी. जानेवारी २०२४ पासून मुलांचा विमा एकदा मंजूर झाला की सलग बारा महिने चालू ठेवावा लागतो. म्हणजे संधी वर्षातून एकदाच. तेव्हा फॉर्म लांबलचक ठेवा, मुदत आखूड ठेवा, आणि पत्ता बदलल्याचं कुणी कळवलंच तर तेही लेखीच मागा.